दुसरा सिलिंडर

माझ्या थोरल्या जाऊबाई गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन "माझ्या भरवशावर राहू नका" असं सांगायला लागल्या, तेव्हा मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणाला नाही वाटणार? धंद्यात भरवसा मिळवायला माणसं जिवाचं रान करतात, आणि ही बाई तो मिळवून झाल्यावर परत करायला निघाली होती. पण त्याआधी जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अजून आठवलं की हातातलं काम हातातच राहतं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचा धंदा ऑक्सिजनच्या सिलिंडरचा. वेल्डिंगच्या नव्हे, माणसांच्या. छातीने अधू होऊन घरी पडलेल्या माणसांना आणि दोन-चार लहान दवाखान्यांना भरलेला सिलिंडर न्यायचा, जोडून द्यायचा, रिकामा परत आणायचा. जाऊबाई तीनचाकी टेम्पो चालवतात. मी घरी फोन घेते आणि परत आलेल्या नाकाच्या नळ्या आणि ऑक्सिजन ज्यातून बुडबुडत जातो त्या पाण्याच्या बाटल्या धुऊन, उकळून, वाळवून ठेवते. मी एका जागी बसत नाही म्हणून त्या मला भिंगरी म्हणतात. मी त्यांना तोंडावर ताई म्हणते आणि पाठीमागे जे म्हणायचं ते म्हणते.

धंदा मूळचा थोरल्या भाऊजींचा, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याचा. भाऊजी बोलायला इतके गोड की ऐकणाऱ्याने वाट बघत म्हातारं व्हावं. "हा काय, पोचलोच," असं ते फोनवर सांगायचे तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नसायची. कधी कधी तर अंगावर पांघरूण असायचं. दुसऱ्याच्या श्वासाशी गाठ आहे, एवढंही त्यांना कळत नसे. हळूहळू गिऱ्हाइकं गेली, आणि गिऱ्हाइकांपाठोपाठ भाऊजीही कुठल्याशा लांबच्या बंदरात नोकरी धरून निघून गेले. मागे राहिला टेम्पो, थोडे सिलिंडर आणि घराण्याचं खराब झालेलं नाव.

जाऊबाई टेम्पो शिकल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आमचंच फाटक पाडलं. दुसऱ्या दिवशी त्या एका दवाखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथले स्टोअरवाले काका भाऊजींवर खार खाऊन होते. "तुमच्या घरचा सिलिंडर? नको बाई. आम्हाला रोगी जगवायचेत," ते म्हणाले.

"बरं. उद्या येते," असं म्हणून जाऊबाई परत आल्या.

आणि खरंच गेल्या की हो! रोज सकाळी. "काही लागतंय का?" "नाही." "बरं, उद्या येते." एवढं बोलायला ही बाई अर्ध्या गावाला वळसा घालून जायची. मला तर लाज वाटायची. फेरीवालासुद्धा एवढा चिकट नसतो. काका आधी चिडले, मग हसायला लागले, मग एक दिवस त्यांचा नेहमीचा माणूस उगवला नाही आणि दारात नेहमीची बाई मात्र उभी होती. त्या दिवसापासून तो दवाखाना आमचा.

त्यांची दुसरी तऱ्हा तर मला अजिबात पटायची नाही. सिलिंडर भरून देणारा प्लांट कधी बंद असला आणि माल मिळाला नाही, तर तेही सांगायला त्या स्वतः जायच्या. "माल नाही, हे सांगायला पेट्रोल जाळायचं?" मी एकदा तडकून म्हणाले. "फोन काय पूजेला ठेवलाय?"

"फोनवर तुझे भाऊजीपण बोलायचे," त्या म्हणाल्या.

अशी माणसं जोडली. एकेका घरात त्या शिरत गेल्या त्या कायमच्याच. डोक्याला तेल नाही, हाताला क्रीम नाही, कारण तेल आणि ऑक्सिजनची गाठ पडली तर भडका उडतो. त्यामुळे बाईच्या केसांचा झाडू झालेला, पण त्याचं त्यांना काही नाही. दाराशी आल्या की बेल वाजवायच्या आधी पान्याने सिलिंडरवर दोन ठोके मारायच्या. टण टण. घरातल्या रोग्याला अंथरुणातूनच कळावं, की आली. मग व्हॉल्व्ह जरासा उघडून धूळ उडवायची, किती ऑक्सिजन उरला ते काट्याने दाखवणारं मीटर बसवायचं, सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघायचं, नळी नाकाला लावायची आणि रोगी कंटाळून "आता जा बाई" म्हणेपर्यंत स्टुलावर बसून राहायचं.

या सगळ्यात त्यांचे सगळ्यांत लाडके होते मास्तर. जुने बँडमास्तर. आयुष्यभर ट्रम्पेट फुंकला, आणि आता स्वतःला पुरेल एवढीही फुंक उरली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात मास्तरांची खाट आणि त्यांच्या लेकीचं शिवणाचं मशीन. लेक कपडे आत-बाहेर करून देते, म्हणजे ढगळ असेल तर घट्ट आणि घट्ट असेल तर उसवून. वर्षातून दोनदा तेच कपडे तिच्याकडे परत येतात, असं ती म्हणते.

आमची पद्धत अशी की प्रत्येक घरी एक सिलिंडर चालू आणि एक भरलेला बाजूला उभा असायचा. अडीनडीला. एक दिवस मास्तरांची लेक म्हणाली, "ताई, तुम्ही तर कधी चुकत नाही. हा दुसरा नुसता जागा अडवतोय. मला इस्त्रीचं टेबल ठेवता येईल. घेऊन जा ना."

जाऊबाई तो घेऊन घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारखा. "भिंगरे, दुसरा परत केला त्यांनी. एवढा भरवसा!" आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्लं. मग एकेका घरातून दुसरा सिलिंडर परत यायला लागला आणि आमच्याकडे ती जणू शाबासकीच झाली. आमच्या मागच्या खोलीत भरलेल्या सिलिंडरची रांग उभी राहिली. मी येता-जाता त्यांच्याकडे कौतुकाने बघायची.

तो दिवस मास्तरांचा सिलिंडर बदलायच्या पाळीचा होता. जाऊबाई सकाळी निघाल्या. दुपारच्या जरा आधी वीज गेली. आमच्याकडेच नव्हे, सगळ्या भागातली. मी अंगणात नळ्या वाळत घालत होते. फोन वाजला.

"वहिनी!" मास्तरांची लेक रडत होती. "ताई लिफ्टमध्ये अडकल्यात! आमच्याच लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये! सिलिंडर त्यांच्याजवळ आहे, आणि इथे बाबांच्या सिलिंडरचा काटा तळाला टेकलाय!"

"एवढ्यात कसा टेकला?"

"रात्री खोकला झाला म्हणून मी ऑक्सिजन जास्त सोडला होता. वाटलं, ताई सकाळी येणारच आहेत, कशाला फोन करायचा."

"अगं, मग दुसरा लाव ना पटकन!"

ती म्हणाली, "कुठला दुसरा, वहिनी? तो तर तुम्ही नेलात."

मी मागच्या खोलीच्या दारातून बघत होते. ओळीने उभे भरलेले सिलिंडर. त्यातला एक त्यांचाच. आणि तो न्यायला माझ्याकडे ना गाडी, ना अंगात तेवढी ताकद.

"ॲम्ब्युलन्स?"

"आत्ता फोन केला. चौकातले सिग्नल बंद पडलेत, गाड्या तुंबल्यात, वेळ लागेल म्हणाले."

मास्तरांच्या शेजारच्याच गल्लीत आमच्या गिऱ्हाइकांची दोन घरं होती. मी पहिल्या घरी फोन केला. तुमचा दुसरा सिलिंडर मास्तरांकडे पोचवता का, म्हटलं. "दुसरा? नाही हो, आम्ही केव्हाच परत केला. ताई येतात ना!" दुसऱ्या घरी केला. तिथेही तेच, "ताई येतात ना!" दोघांच्याही आवाजात नुसतं कौतुक होतं. जणू आमची स्तुती करत होते ते. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि समोरून आमची स्तुती चालली होती.

मग राहिला शिट्टी. शिट्टी म्हणजे आमचा प्रतिस्पर्धी. पुढचे दोन दात नाहीत, आणि तेवढ्या फटीतून दिवसभर शिट्टी वाजवतो. त्याची बरीच गिऱ्हाइकं जाऊबाईंनी रोज जाऊन जाऊन आमच्याकडे वळवली होती. त्यामुळे आमच्या फाटकावरून जाताना तो मुद्दाम मोठ्याने वाजवायचा. त्याचं दुकान मास्तरांच्या घरापासून जवळ, आणि त्याच्या बोर्डावर नंबर एवढा मोठा रंगवलेला की मी जाता-येता त्या बोर्डाला नावं ठेवायची. म्हणून तो नंबर पाठ.

मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडची शिट्टी थांबली. त्याने विचारलं, "कितवा मजला?"

"तिसरा."

फोन बंद झाला.

मी रिक्षात बसले. रिक्षा कुठे हलतेय! शेवटी अर्ध्या वाटेत उतरले आणि पळत सुटले. त्या इमारतीच्या जिन्यात अंधार होता. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर लिफ्टच्या बंद दारामागून पाना आपटल्याचा आवाज येत होता. जाऊबाईंचा आवाज मी आयुष्यात एवढा फाटलेला ऐकला नव्हता.

"कोण आहे? भिंगरे, तू आहेस का? मास्तर श्वास घेतायत का ते बघ आधी! माझ्याकडे नको बघू, वर जा!"

वर गेले आणि दारातच खिळले. मास्तरांचे ओठ निळे, पार जांभळ्याकडे झुकलेले. लेकीने त्यांना पाठीमागून धरून बसवलं होतं. त्यांच्या खांद्यांची वरखाली धडपड चालली होती, पण आत काही जात नव्हतं. नाकाला नळी होती, बाटलीत बुडबुडा एकही नव्हता. आजवर मी किती नळ्या उकळल्या असतील, त्याला काही गणती नाही. त्या नळीच्या टोकाला काय असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी काही केलं नाही, करता आलं नाही. नुसती उभी राहिले.

तेवढ्यात माझ्या मागून धक्का देत शिट्टी आत आला. खांद्यावर लहान सिलिंडर, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. तीन मजले तो तसाच चढून आला होता. कुणाशी बोलला नाही. मीटर बसवलं, चावी फिरवली, नळी जोडली. बाटलीत बुडबुडे आले. मास्तरांचे डोळे मिटले होते, त्यामुळे क्षणभर आम्हाला कुणालाच काही कळेना. मग त्यांनी छाती भरून एक श्वास घेतला, असा आवाज करून, की त्यांची लेक हुंदका देऊन रडायला लागली.

आणि त्याच वेळी वीज आली. कुणाला गंमत वाटेल, पण मला अजून त्या क्षणाचा राग येतो. पंखा फिरायला लागला, बाहेर लिफ्ट खडखडली, शहाण्या मुलीसारखी तिसऱ्या मजल्यावर आली आणि दार उघडलं. आत जाऊबाई उभ्या. एक हात भरलेल्या सिलिंडरवर, दुसऱ्या हातात पाना, आणि त्या हाताची बोटं सोललेली.

त्यांनी दारातून खाटेकडे पाहिलं. मग खाटेशेजारच्या परक्या सिलिंडरकडे. मला वाटलं आता रडतील. पण सवय कुठे जाते? "सांध्याला साबणाचं पाणी लावलं का?" त्यांनी शिट्टीला विचारलं.

"लावतो हो बाई," शिट्टी धापा टाकत म्हणाला. "आधी त्यांना दम तर खाऊ देत. मलापण."

ॲम्ब्युलन्स आली, मास्तरांना हॉस्पिटलात नेलं, आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टर म्हणाले की धोका टळला. आम्ही तिघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, सुटलो. जे व्हायचं ते होऊन गेलं. पण खरा धक्का अजून बाकीच होता.

"मी ॲम्ब्युलन्सला आधीच फोन करणार होते, ताई," लेक म्हणाली. "काटा खाली गेलेला बघितला तेव्हाच फोन हातात घेतला होता. तेवढ्यात तुमचे ठोके ऐकू आले. बाबांनी माझा हात धरला. बोलता येत नव्हतं त्यांना, बोटाने दाराकडे दाखवलं. म्हणजे, ताई आल्या. मी दार उघडून उभी राहिले. कुणीच नाही. वाटलं, खाली सिलिंडर उतरवत असाल. परत ठोके आले. टण टण. बाबा हसले, ताई. ओठ काळे पडत होते आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणून मी फोन खाली ठेवला. मग किती वेळाने डोक्यात प्रकाश पडला की वीज गेलीय आणि लिफ्ट..."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी मदतीसाठी सिलिंडरवर ठोकत होते. फोन टेम्पोत राहिला होता. कुणीतरी ऐकावं म्हणून ठोकत होते. हाताला सवय, दोन-दोनच पडत होते."

रोज जाऊन, न चुकता जाऊन, ऊन-पाऊस न बघता जाऊन या बाईने जे कमावलं होतं, त्याच्या आवाजानेच एक माणूस मरणाच्या दारात हसत बसला होता. याला काय म्हणायचं, मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी मागच्या खोलीतली रांग टेम्पोत चढवायला घेतली. ज्याने त्याने परत केलेला सिलिंडर ज्याच्या त्याच्या घरी. आणि प्रत्येक दारात तेच, "हा इथेच राहील. माझ्या भरवशावर राहू नका. काटा उतरला की मला फोन, मी नाही मिळाले तर यांना फोन." आणि हे 'यांना' म्हणजे शिट्टी! त्याला सोबत टेम्पोत बसवून दारोदार नेलं, सगळ्यांना त्याचं तोंड दाखवलं.

माझं डोकंच फिरलं. "ताई, ज्याची गिऱ्हाइकं आणली त्यालाच आता घरोघरी नेऊन उभं करायचं? उद्या सगळी त्याच्याकडे गेली म्हणजे?"

"गेली तर गेली. जिवंत जातील."

आणि गेलीच काही. लोकांना ते बोलणं लागलं. एका घरातल्या आजी तर रागाने म्हणाल्या, "म्हणजे तूही आता तुझ्या नवऱ्यासारखी झालीस म्हण की." मी सोबत होते; माझा तिळपापड झाला. जाऊबाई मात्र "हो आजी, तसंच समजा," असं म्हणून सिलिंडर कोपऱ्यात नीट उभा करून बाहेर आल्या. टेम्पोत बसल्यावर त्यांनी गाडी लगेच चालू केली नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिल्या.

मास्तर घरी परतले तेव्हा आम्ही दोघी गेलो. इस्त्रीचं टेबल हलवून दुसऱ्या सिलिंडरची जागा लेकीने आधीच मोकळी केली होती. पण जाऊबाईंनी सिलिंडर आत आणला, पाना तिच्या हातात ठेवला आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसल्या. "आज तू बदल."

"मी? ताई, मला नाही येत!"

"म्हणूनच. आधी हात धू. मशीनचं तेल असेल हाताला. साबणाने, कोपरापर्यंत."

तिने हात धुतले. जुन्याची चावी बंद केली. बुडबुडे थांबले. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिने मीटर काढलं, पण नव्यावर ते नीट बसेना. आटे चुकत होते. मास्तरांचे खांदे वर यायला लागले. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी उठणार, तोच जाऊबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. स्वतः त्या हलल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, नजर तिच्या हातांवर होती, पण जागची हलेल तर शपथ. बाई दगडाची आहे की काय, असं मला वाटलं.

मीटर बसलं. चावी फिरली. बुडबुडे आले. साबणाचं पाणी लावायला लेक विसरली नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

मास्तरांनी दोन-चार श्वास घेतले. मग कसनुसं हसून म्हणाले, "माझ्या जिवावर शिकवणी चालू केलीत होय? म्हणजे पुढच्या पाळीला तुम्ही येणार नाही?"

"येणार की," जाऊबाई म्हणाल्या. "नेहमीसारखी येणार. पण मास्तर, मी दाराशी उभी असले, माझा आवाज जरी ऐकू आला, तरी नळी नाकाला लागेपर्यंत मी आले नाही असंच समजा."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. हसू हळूहळू मावळलं. त्या दिवशी आपण कशावर हसत बसलो होतो, ते त्यांना बहुतेक त्या क्षणी कळलं. त्यांनी मान वळवली आणि लेकीला म्हणाले, "परत एकदा करून दाखव."